टामाच्या भिंतीवरची माणसं

न्यूझीलंडहून परत आले तेव्हा जळगावात जो भेटेल तो दोनच गोष्टी विचारायचा: मेंढ्या पाहिल्या का, आणि तिकडे जेवणाचं कसं? मेंढ्या पाहिल्या. गरम पाण्याची कुंडं पाहिली, हिरवं बघून बघून डोळे दमले, तेही झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा बरं लिहितात. मी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, मुलींना सॉफ्टबॉल आणि पुढे बेसबॉल शिकवला. माझं बोलणं मैदानावरचं, मोठ्यांदा आणि सरळ. तेव्हा महिनाभराच्या मुक्कामातले दोन दिवस तेवढे सांगते.

आधी घरचं थोडं सांगायला हवं, नाहीतर मी तिकडे कशाला गेले ते कळायचं नाही. माझा मुलगा निखिल २०११ साली शिकायला ऑकलंडला गेला. पुढच्याच वर्षी त्याचे वडील वारले आणि तो आला नाही. त्याचा पासपोर्ट व्हिसाच्या अर्जाबरोबर कचेरीत अडकला होता. अर्ज मागे घेतला असता तर परत जाता आलं नसतं, दोन्हीकडून सगळं पाण्यात. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण कळतं आणि वळत नाही, तसं माझं झालं. अग्नी पुतण्याने दिला. त्यानंतर निखिलचा फोन एक रविवार चुकला नाही. हवापाणी, नोकरी, मुग्धाशी लग्न, ईराचा जन्म, सगळ्यावर बोललो. त्या एका गोष्टीवर मात्र आमच्यात एक अक्षर नाही.

मग २०१७ साली टामा नावाचा त्याचा तिथला कोणी म्हातारा वारला, आणि निखिल फोनवर ढसाढसा रडला. मला काय वाटलं ते लिहिते, लपवून काय करायचंय? मला राग आला. बापासाठी तुझा एक हुंदका ऐकला नाही रे मी, आणि या परक्यासाठी? मी "वाईट झालं" म्हटलं आणि फोन ठेवला.

वर्षाने त्याने बोलावलं. "टामाच्या कबरीवरच्या दगडाचं अनावरण आहे, आई. तू असावीस असं वाटतं." मी लगेच हो म्हटलं. मुलाला वाटलं, आई फिरायला येतेय. मला मात्र एवढंच बघायचं होतं, की माझा मुलगा माझ्या नवऱ्यासाठी कधी रडला होता की नाही.

माउंट रॉस्किल

निखिलचं भाड्याचं घर माउंट रॉस्किलला आहे. लाकडी, बुटकं, मागे बोटभर अंगण. शेजारी एक फिजीचे गुजराती, पलीकडे सोमालियाचं कुटुंब, समोर एकटी राहणारी गोरी आजी. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला तिकडे डेअरी म्हणतात. मी पहिल्या दिवशी तिथे जाऊन तूप मागितलं होतं आणि मालकाने मला आइसक्रीम दाखवलं होतं.

टामाकडे जायचं म्हटल्यावर मी निखिलला विचारलं, त्याला काय आवडायचं खायला? "भरीत," तो पटकन म्हणाला. "मी एकदा केलं होतं, तुला फोनवर विचारून. आठवतं? त्यानंतर दर वेळी तेच मागायचा. घाम पुसत खायचा."

ठरलं. माणूस गेल्याला वर्ष झालं की त्याच्या आवडीचं करायचं, पानावर वाढायचं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आमची हिरवी वांगी तिथे कुठली मिळणार! भारतीय दुकानातून काळी, जाड सालीची आणली. तुरीच्या काड्या नाहीत म्हणून गॅसवर भाजायला घेतली, तर छतावरचं धुराचं यंत्र असं बोंबलायला लागलं की समोरच्या आजी चपला न घालता धावत आल्या. ईरा कानांवर हात ठेवून म्हणाली, "आजी, इट्स सो लाउड." माझी नात मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. मुग्धा पुण्याची, शांत. तिने खुर्चीवर चढून ते यंत्र बंद केलं आणि म्हणाली, "आई, बार्बेक्यूवर भाजा ना, अंगणात." मग मी अंगणात बार्बेक्यूसमोर उभी राहून वांगी भाजली. लसूण, हिरवी मिरची, दाणे, कांद्याची पात, सगळं जिथल्या तिथे पडलं. ठेचायची लाकडी बडगी नव्हती, पातेल्यात लाटण्याने ठेचलं. पुऱ्या लाटल्या.

ठेचता ठेचता मी विचारलं, "हा टामा करायचा काय?"

निखिलने सांगितलं ते असं. टामा माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांतला. तरुणपणी बेसबॉल इतका चांगला टाकायचा की अमेरिकेतल्या एका संघाने त्याला करार करून नेलं. वरच्या दर्जाचा संघ नव्हे, अगदी खालच्या पायरीचा. रात्रंदिवस बसमधून गावोगाव जायचं, खेळायचं, पगार घ्यायचा. दोन हंगामांत कोपर गेलं आणि तो परत आला. मग मांसाच्या कारखान्यात नोकरी, आणि म्हातारपणी टाकानिनीच्या एका क्लबाच्या मैदानाची देखभाल. त्याच्या आगेमागे तसे आणखी काही जण त्या भागात होते, पैसे घेऊन कुठे कुठे खेळून आलेले. एक तर अमेरिकनच, इथली बायको करून राहिलेला. ते एकेक करून गेले. कोणाचं नाव पेपरात आलं नाही. मग टामाने क्लबाच्या खोलीत एका भिंतीवर त्यांचे फोटो लावायला सुरुवात केली. दर हंगामाच्या आधी तो त्या भिंतीसमोर सगळ्यांना बसवून एकेकाचं नाव घ्यायचा.

"भिंतीवर चढायच्या अटी दोन," निखिल म्हणाला. "पैसे घेऊन खेळलेला हवा आणि वारलेला हवा."

"दोन्ही कडक?"

"पहिली जरा सैल होती," तो म्हणाला, आणि ईराला भरवायला उठला.

टाकानिनी

शनिवारी दुपारी निघालो. मुग्धा गाडी चालवत होती. मी पायात आपली नेहमीची स्लिपर घातली होती, तर तिने दारातच अडवलं. "आई, तिथे जॅन्डल्स नकोत, स्लिपरला इथे जॅन्डल्स म्हणतात. काळे बूट घाला आणि काळी साडी असू द्या." काळी साडी सवाष्णीने नेसायची नाही असं आमच्या आजीचं म्हणणं, आणि मी काही आता सवाष्ण नव्हते. नेसले.

टाकानिनीला पहिला थांबा. निखिल शिकायला आला तेव्हा इथेच चौघांत एक खोली घेऊन राहायचा. आता तिथे रांगेने नवी घरं, सगळी एका साच्यातली, एकाच करड्या रंगाची. त्या घरांच्या मागे क्लबाचं मैदान, तिथे खेळायला जायचा तेव्हाच त्याला टामा भेटला. मी आधी मैदान पाहिलं, सवयच आहे. चेंडू टाकणारा पिचर ज्यावर उभा राहतो तो मातीचा उंचवटा ताडपत्रीने झाकलेला होता, कडांवर विटा नीट ठेवलेल्या. गवत कापलेलं, रेषा ताज्या. आमच्या शाळेच्या मैदानावर लग्नाचे मांडव पडायचे आणि मी दर सोमवारी मुलींना रांगेत उभं करून खिळे वेचायला लावायचे. मला त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

क्लबाचा अध्यक्ष डेव्ह दारात उभा होता. साठीचा, पांढरी दाढी, बोचऱ्या वाऱ्यात हाफ पॅन्ट. "किया ओरा," म्हणून त्याने माझा हात हातात घेतला आणि सोडेचना. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला. मी आपला हात हळूच काढून घेतला.

आत ती भिंत होती, पण मोकळी. खिळे तेवढे होते, आणि खिळ्यांखाली फोटोंचे फिकट चौकोन. डेव्ह म्हणाला, "फोटो काल पुढे गेले. टामाला एकटं कसं बसवायचं? या वर्षी नावं तिकडेच घेणार, त्याच्या गावी." मला खिळ्यांजवळ जाऊन बघायचं होतं, पण निखिल एकदम घाईला आला. "चल आई, उशीर होईल." संध्याकाळ व्हायला अवकाश होता. याला उशीर कशाचा होतोय, असं मनात आलं.

ते रापावरून

दक्षिणेला जाताना महामार्गावर बॉम्बे नावाचं गाव लागतं. टेकडीवर लाल माती, कांद्याची शेतं. तिथल्या पाटीखाली उभं राहून फोटो काढल्याशिवाय म्हणे एकही मराठी माणूस पुढे जात नाही. आम्हीही काढला. ईराला मध्ये घेतलं. खाली वाइकाटो नदी दिसायला लागली, रुंद, गढूळ हिरवी, आमच्या तापीसारखी खोल गेलेली नाही, काठाबरोबर वाहणारी.

गाडीत मी शेवटी विचारलंच. आमच्यातली गाठ सोडवायची म्हणजे कोणीतरी टोक धरायला हवं. म्हटलं, "निखिल, तू इथे वडिलांच्या तिथीला काय करतोस?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "इथे कावळे नाहीत, आई."

"कावळ्यांचं विचारलं नाही मी."

"खरंच नाहीत. मी पहिल्या वर्षी शोधले. एक काळापांढरा पक्षी असतो, तो माणसाच्या डोक्यावर चोच मारतो."

मुग्धाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. उडवाउडवी ऐकून घ्यायची मला सवय नाही. वर्गात असते तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

हॅमिल्टनच्या अलीकडे 'ते रापा' नावाची वस्ती लागते. दुधाची भुकटी करणारा मोठा कारखाना, वाफेचे लोट, गोदामं, गाड्यांची दुकानं, बघायला काही नाही. तिथे निखिल म्हणाला, "मुग्धा, थांबव जरा." एका गोदामासमोरच्या वाहनतळात गाडी उभी राहिली. तो उतरला नाही. मी मागे बसले होते, मला त्याची मान तेवढी दिसत होती.

"इथे होतो मी," तो म्हणाला. "सुट्टीतली नोकरी होती, खोकी उचलायची. इथे उभा होतो तेव्हा काकांचा फोन आला. मग मी कोणालाच काही सांगितलं नाही, आत जाऊन परत खोकी उचलायला लागलो. टामाला कोणी कळवलं माहीत नाही. तो टाकानिनीहून गाडी घेऊन आला, मला नदीवर नेलं, आणि म्हणाला, 'तुझ्या वडिलांचं नाव सांग.' मी सांगितलं. म्हणाला, 'परत सांग, मला नीट म्हणता यायला पाहिजे.'"

मला विचारायचं होतं, मग तू रडलास का? जिभेवर होतं. पण त्याची मान बघून विचारवेना. मुग्धाने गाडी सुरू केली.

टेकडीवरची कबर

रात्र हॅमिल्टनला काढून रविवारी सकाळी टामाच्या गावी पोचलो. गाव म्हणजे दहापाच घरं, एक सभाघर, बाजूला जेवणाचं मोठं दालन, आणि मागे टेकडीवर पांढऱ्या कुंपणातलं कबरस्तान. माणसं काळ्या कपड्यांत, बायकांच्या डोक्यांवर हिरव्या पानांचे वेढे. कोणी घाईत नव्हतं. आपल्याकडे मर्तिकाला कसं, कोणीतरी पुरुष 'चला, आटपा' म्हणत असतो.

फाटकाशी टामाची बहीण अरोहा उभी होती. सत्तरीची, उंच, हातात काठी. तिने निखिलला जवळ घेतलं, नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावलं. मग माझ्याकडे वळली, आणि तिची नजर माझ्या हातातल्या स्टीलच्या डब्यावर गेली. ती एकदम थांबली. मागची माणसंही थांबली.

"जेवण आहे?" तिने विचारलं.

"हो," मी माझ्या इंग्रजीत म्हटलं. "टामासाठी. आमच्यात वर्ष झालं की आवडीचं ठेवतात. थोडं दगडापाशी ठेवणार आहे."

निखिलचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, मला वाटलं डबा जेवणाच्या हॉलसाठी आहे."

अरोहाने काठी काखेत धरली आणि डब्यासकट माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. आवाज अगदी हळू. "इथे आत अन्नाचा कण नेत नाहीत. मेलेल्यांची जागा वेगळी, अन्नाची वेगळी. एकाचा स्पर्श दुसऱ्याला होऊ द्यायचा नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर मुलींना दुसऱ्यांच्या मैदानावर कसं वागायचं ते शिकवलं, आणि स्वतः कोणाच्या स्मशानाच्या दारात विटाळ घेऊन उभी! मी डबा मागे ओढला, पण ती हात सोडेना. "तू त्याच्यासाठी रांधलंस," ती म्हणाली. "गाडीत ठेव. नंतर मला वाढ. मी बहीण आहे, त्याचा वाटा मी खाईन."

डबा गाडीत ठेवून आले. चालता चालता मनात म्हटलं, यात समजायला अवघड ते काय? सुतकात आमच्याही घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलंभात आणून देतात. आमच्याकडेही मरण आणि चूल लांबच ठेवतात. फरक एवढाच, आमची माणसं गेल्यावर भुकेली राहतात आणि यांची नाही.

दगडावर पिसांचा झगा पांघरलेला होता. प्रार्थना झाली, आणि मग एकेक जण उठून बोलायला लागला. टामाबद्दल नाही, टामाशीच. हात नाचवून, पुढे मागे चालत, चक्क भांडत होते. एका म्हाताऱ्याने काठी आपटून इंग्रजीत विचारलं, माझी होडी बुडवलीस ती बुडवलीस, वर पोहत आधी काठाला तू कसा गेलास? माणसं हसली, तोही हसला, आणि हसता हसता रडायला लागला. कोणी त्याला "सावरा" म्हटलं नाही. झगा उचलला. काळा दगड, नाव, आणि नावाखाली कोरलेला एक चेंडू, शिवणीसकट. निखिल तोंडावर हात ठेवून उभा होता. मी त्याच्या बाजूला उभी होते आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे मला ठरवता आलं नाही.

बाहेर पडताना फाटकाशी पाण्याची बादली होती. प्रत्येकाने हातांवर पाणी घेतलं, थोडं डोक्यावर शिंपडलं. हे मात्र मला कोणी सांगावं लागलं नाही.

जेवणाच्या दालनात लांबच लांब टेबलं. डुकराचं मांस, शिंपल्या, भाजलेली रताळी, पाव, वाफवलेला गोड पुडिंगसारखा केक. मी शाकाहारी, रताळ्यांवर होते. अरोहाने माझ्या समोर ताट ठेवलं आणि "वाढ" म्हणाली. मी भरीत वाढलं, पुरी कशी तोडायची ते दाखवलं. पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तो म्हणायचा, हे जेवण दुखतं," ती म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत सगळं खाल्लं. आजूबाजूच्यांनी उरलेलं संपवलं. डबा तिनेच धुवून दिला.

सभाघर

जेवणानंतर सगळे सभाघरात गेले. बूट बाहेर काढून, आपल्या देवळात शिरतात तसे. आत खांबांवर कोरलेले पूर्वज, डोळ्यांत शिंपल्यांचे चकचकीत तुकडे. भिंतींना लागून गाद्या. समोरच्या भिंतीशी टामाचा मोठा फोटो, त्याच्या दोन्ही बाजूंना क्लबाचे फोटो, खाली चटई आणि पानं.

मी फोटो एकेक करून बघत गेले. टोपी घातलेला गोरा तरुण. गुडघ्यावर बसलेला कॅचर. ग्लव्ह छातीशी धरलेला एक काळासावळा माणूस, केस कपाळावर, ओठ मिटलेले, हसू दाबल्यासारखे.

हे.

आमचे हे. राज्य स्पर्धेच्या वेळी अमरावतीच्या मैदानावर काढलेला फोटो. मूळ फोटोत मी शेजारी उभी आहे, गळ्यात शिट्टी, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून. इथल्या फोटोत मी नव्हते, खांद्यावर चार बोटं तेवढी होती. माझी.

"हे इथे कसे?" मी मराठीतच मोठ्यांदा विचारलं. निखिल मागेच उभा होता.

"जिवंत माणसाचा फोटो मेलेल्यांच्यात लावत नाहीत," तो म्हणाला. "म्हणून तुला कापलं. बोटं कापता येईनात."

"ते विचारत नाहीये मी."

मग त्याने सांगितलं, हळू, खाली बघत. त्या दिवशी नदीवर टामाने वडिलांबद्दल सगळं विचारून घेतलं. ते पिचर होते, सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून लागले, खात्याच्या संघाकडून खेळले, हे कळल्यावर त्याने क्लबात विषय काढला. काही जण म्हणाले, तो तर कारकून होता. टामा म्हणाला, नोकरी कशामुळे मिळाली? चेंडू टाकता येत होता म्हणून. पगार मिळत होता? मिळत होता. मग तो पैसे घेऊन खेळला. पुढे टेबलावर काय केलं ते मोजायचं नाही, मीही पुढे मांसच कापलंय. दुसऱ्याच आठवड्यात फोटो भिंतीवर लागला.

"म्हणजे २०१२ पासून?"

"हो. दर वर्षी नाव घेतात. मी उठून सांगतो."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, फोटो लावून काय होतं? यायचं तेव्हा आला नाहीस."

"म्हटलंच असतं," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात डेव्ह उभा राहिला. आता त्याच्या अंगात काळा कोट होता. टामाची पद्धत अशी, की नाव घ्यायचं आणि त्या माणसाला ओळखणाऱ्याने उठून एकच गोष्ट सांगायची. स्तुती चालायची नाही. तो चेंडू कसा टाकायचा, फटका कसा मारायचा, पळताना कसा दिसायचा, एवढंच. गोऱ्या तरुणाचं नाव घेतलं, एका म्हातारीने उठून सांगितलं की तो टोपीच्या आत बायकोचं पत्र ठेवून खेळायचा, ती बायको मीच. दुसऱ्याचं घेतलं. तिसऱ्याचं.

"मधुकर," डेव्ह म्हणाला. जवळजवळ बरोबर म्हणाला. इतकी वर्षं म्हटल्याशिवाय तसं येत नाही.

निखिल उठला. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तसाच उभा राहिला. मग अरोहा उठली, काठी टेकत माझ्याकडे आली, मला हाताला धरून त्या फोटोशी नेलं आणि चटईवर बसवलं. "बायकोची जागा इथे," ती म्हणाली, आणि शेजारी बसली.

मला वाटलं होतं मी काहीतरी खेळाचं सांगेन. ह्यांचा खाली पडणारा चेंडू फलंदाजाच्या गुडघ्याशी कसा बुडायचा, ते मला इंग्रजीतही सांगता आलं असतं. पण तिथली माणसं सकाळी कशी बोलली ते मी पाहिलं होतं. मी लोकांकडे पाठ केली, फोटोकडे तोंड केलं, आणि मराठीत बोलले.

"अहो," म्हटलं, "तुम्ही दवाखान्यात होता ना, तेव्हा बाहेर कोणाचं पाऊल वाजलं की दाराकडे मान वळवायचात आणि विचारायचात, निखिल आला का? मी म्हणायची, विमानात बसलाय. शेवटच्या दिवशीही विचारलंत. मी तेच सांगितलं. तुम्ही गेलात ते वाट बघत गेलात, आणि मी ते निखिलला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो मेला असता. पण मनातल्या मनात मी त्याला रोज सांगायची."

मागे कोणीतरी नाक ओढलं. मी वळले नाही, वळले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

"तो आलाय हो," मी म्हणाले. "तुम्ही गेलात तेव्हापासून इथेच तुमच्यापाशी येऊन उभा राहतोय. माझ्याआधी आलाय. उशीर मला झाला."

आमच्याखेरीज सभाघरात कोणाला मराठी येत नव्हतं. डेव्हने निखिलकडे पाहिलं. निखिलने भाषांतर करायला तोंड उघडलं, "शी सेज्," एवढं म्हणाला, आणि खाली बसला. माझ्या शेजारी, चटईवर, लहानपणी बसायचा तसा गुडघे पोटाशी घेऊन, आणि मोठ्यांदा रडायला लागला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. डेव्ह थोडा थांबला, मग त्याने पुढचं नाव घेतलं.